बटणकाकांचा दम

बटणकाकांना हे नाव इमारतीतल्या पोरांनी ठेवलं, पण त्याला हातभार त्यांचा स्वतःचाच. कुणा एका चौकस पोरीने त्यांना जिन्यात गाठून विचारलं होतं, "काका, तुम्ही दिवसभर घरात बसून करता तरी काय?" काका कुलूप उघडण्याच्या गडबडीत होते. म्हणाले, "बटणं दाबतो." झालं. संध्याकाळपर्यंत अख्ख्या इमारतीत बारसं आटोपलं.

त्यांचा व्यवसाय संगीताचा होता, पण त्यांचं संगीत ऐकायला कुणी मुद्दाम बसत नसे. फोनवर "कृपया प्रतीक्षा करा" असं सांगून झाल्यावर जे काही वाजत राहतं ते काकांचं. लिफ्टमध्ये, दातांच्या दवाखान्यात, बुटांच्या मोठ्या दुकानात जे कानाशी गुणगुणतं तेही काकांचं. मागच्या खोलीत बसून ते हे सगळं एकट्याने करत. खोलीत एक कॉम्प्युटर, दोन स्पीकर, पियानोसारख्या पट्ट्यांचा एक कीबोर्ड आणि आवाज बाहेर जाऊ नये म्हणून भिंतींना ठोकलेल्या जुन्या गाद्या. बायको त्या खोलीला "गादीघर" म्हणे.

गादीघरातल्या त्या कॉम्प्युटरात मात्र अख्खा वाद्यवृंद राहत होता. व्हायोलिनं होती, चेलो होते, बासऱ्या, क्लॅरिनेट, घंटा, ढोल, काय हवं ते. या वाद्यांना प्लगइन म्हणतात. कुठल्याशा सभागृहात खऱ्या वादकांनी एकेक सूर हळू, जोरात, लांब, तोडून, असा नाना तऱ्हांनी वाजवून ठेवलेला असतो. आपण इथे पट्टी दाबायची, की तो सूर हजर. काकांना ही व्यवस्था फार आवडे. "माझे वादक कधी उशिरा येत नाहीत, कधी रुसत नाहीत, चहा मागत नाहीत," असं ते अभिमानाने सांगत. आणि त्यांचे सूर तरी कसे! स्क्रीनवर आखलेल्या चौकटीत प्रत्येक सूर काटेकोर सुरू होई, काटेकोर संपे, एकाचा जोर दुसऱ्यापेक्षा तसूभर कमी नाही की जास्त नाही. भिंतीला टाईल्स बसवाव्यात तसं काका संगीत बसवत.

आता या सुरळीत संसारात ताई आली.

ताई म्हणजे काकांची थोरली बहीण, निवृत्त मुख्याध्यापिका. शाळा सुटली तरी आवाजातली मुख्याध्यापिका सुटली नव्हती. गुडघे कुरकुरायला लागले म्हणून डॉक्टरांनी तिला पोहायला सांगितलं, आणि तरणतलावावर तिला तिच्यासारख्याच दुखऱ्या गुडघ्यांच्या, पाठीच्या आणि खांद्यांच्या बायका भेटल्या. नुसतं इकडून तिकडे पोहून कंटाळा आल्यावर त्यांनी तिथल्या तरुण कोचबाईंना गळ घातली आणि पाण्यातला नाच शिकायला सुरुवात केली. गोल धरून तरंगायचं, पाय वर काढायचे, एकदम बुडी मारायची, एकदम वर यायचं. स्वतःला त्या "जलपऱ्या" म्हणवून घेत आणि तसं म्हणताना स्वतःच खोखो हसत. तलावाच्या वाढदिवसाला त्यांचा कार्यक्रम ठरला होता.

"तर आम्हाला एक गाणं करून दे," ताई म्हणाली.

"ताई, अगं हातात कामं आहेत."

"फोन कानाला लावून कंटाळलेल्या परक्या माणसांसाठी करतोस, सख्ख्या बहिणीसाठी हात दुखतात होय?"

काकांनी मुकाट्याने केलं. व्हायोलिनांची मऊ गादी अंथरली, वर क्लॅरिनेटची गोड चाल सोडली, सगळं चौकटीत घट्ट बसवलं आणि पाठवून दिलं. चाल खरंच छान होती. ताईने फोनवर ऐकून "बरं झालंय" म्हटलं, आणि ताईचं "बरं" म्हणजे इतरांचं "वा वा" असतं.

दोन दिवसांनी तिचा फोन आला. "आधी इकडे ये. तुझ्या गाण्याने निम्म्या जणींच्या नाकातोंडात पाणी गेलंय."

काका तलावावर गेले. पाण्याशी त्यांचा संबंध तांब्या-बादलीपुरता. काचेच्या छपराखालचा तो ओलसर उकाडा, क्लोरीनचा नाकाला झोंबणारा वास आणि पायाखालच्या निसरड्या फरश्या बघून ते पँट दुमडून भिंतीला धरून उभे राहिले. गाणं लागलं. पाण्याखालीही एक स्पीकर सोडलेला होता, म्हणजे बुडालेल्या बायकांनाही ऐकू यावं. जलपऱ्या गोल करून तरंगल्या, बुडल्या, आणि मग एक इथून वर आली, दुसरी तिथून, तिसरी खोकत, चौथी तिसरीच्या डोक्यावर आपटत. ताई टोपी सावरत ओरडली, "बघितलंस?"

कोचबाईंनी शिट्टी वाजवून सगळ्यांना काठाशी आणलं आणि काकांना विचारलं, "काका, एक विचारू? तुमचा तो वाजवणारा श्वास कधी घेतो?"

"कोण वाजवणारा?"

"तो, पिपाणी वाजवणारा."

"क्लॅरिनेट आहे ते. आणि तो कॉम्प्युटरमध्ये आहे. त्याला श्वास लागत नाही."

"यांना लागतो ना पण," कोचबाई पाण्याकडे बोट दाखवून म्हणाल्या. "तुमचं गाणं एकदा सुरू झालं की सुरूच. कुठे थांबायचं, कुठे दम घ्यायचा, काही कळतच नाही. पाण्याखाली डोळे मिटलेले असतात, सगळा भरवसा कानांवर. यांना वर यायचं कुणी सांगायचं?"

घरी येताना काकांच्या डोक्यात तो प्रश्न दारात अडकलेल्या चपलेसारखा आडवा येत राहिला. खरा क्लॅरिनेटवाला श्वास घेणारच. श्वास घेताना सूर तुटणार, सुरू होताना जरा आधी हवेचा आवाज येणार, फुंकर वाढली की सूर उजळणार, दम संपत आला की पडणार. हे त्यांना माहीत नव्हतं असं थोडंच? पण गेली कित्येक वर्षं ते हे सगळं काळजीपूर्वक पुसून टाकत आले होते.

त्यांनी आधी सोपा रस्ता धरला. सॉफ्टवेअरमध्ये एक सोय असते, ती दाबली की कॉम्प्युटर स्वतःच सूर थोडे पुढेमागे, थोडे कमीजास्त करून देतो, म्हणजे माणसाने वाजवल्यासारखं वाटावं. काकांनी ती दाबली. क्लॅरिनेटवाला माणसासारखा वाटायला लागला खरा, पण पायऱ्या उतरताना अंदाज चुकलेल्या माणसासारखा. चुका तर आल्या होत्या, पण त्यांना कारण नव्हतं.

मग ते माऊस घेऊन बसले. प्रत्येक सुराखाली एक रेघ काढता येते. रेघ चढवली की आवाज फुगतो, उतरवली की विरतो. दिवसभर डोंगर-दऱ्या काढून मान अवघडली. ऐकलं तर बरं होतं, पण कुणी आधी लिहून आणलेलं भाषण हावभाव करून वाचावं, तसं. शेवटी त्यांनी एक नळी मागवली. बोटभर लांबीची नळी ओठांत धरायची, दुसरं टोक एका डबीला, डबी कॉम्प्युटरला. फुंकर मारली की प्लगइनमधलं वाद्य त्या फुंकरीइतकंच वाजतं. हळू फुंकली तर हळू, रेटली तर खणखणीत, थांबलात तर गप्प. बोटं पट्ट्यांवर आणि जीव नळीत.

बायको औषधांच्या दुकानातली नोकरी करून घरी आली तेव्हा काका लालबुंद चेहऱ्याने, गाल फुगवून, नळी तोंडात धरून बसले होते.

"अहो, वाफारा घेताय की काय? सर्दी झाली?"

"उं उं," काका म्हणाले.

"नळी काढून बोला."

"क्लॅरिनेट वाजवतोय."

बायकोने एक क्षण पाहिलं, पिशवी खाली ठेवली आणि म्हणाली, "आधी पाणी प्या. वाजवणारा जिवंत राहिला पाहिजे."

खरी पंचाईत अशी झाली की काकांना दमच नव्हता. आयुष्य खुर्चीत गेलेलं. चालीची पहिली ओळ निम्मी झाली की त्यांना धाप लागे आणि सूर आचके देत बसे. आधी त्यांना वाटलं, चालच तोडावी. मग ताईला विचारलं, "तुम्ही पाण्याखाली राहता तरी किती वेळ?"

"हे फोनवर विचारायचं असतं का? पाण्यात ये आणि बघ."

"मला पोहता येत नाही."

"मला तरी कुठे येत होतं? सकाळी ये. आणि ती पँट दुमडून येऊ नकोस."

ताईपुढे काकांचं आजवर कधी चाललं नव्हतं, तेव्हा तरी कसं चालणार? उथळ बाजूला, कमरेइतक्या पाण्यात, दोन्ही हातांनी काठाचा गज धरून ते उभे राहिले. आजूबाजूला सगळ्या जलपऱ्या. कुणी म्हणाली "घाबरू नका भाऊ," कुणी म्हणाली "घाबरलात तरी चालेल, आम्ही पण ओरडलो होतो." त्यांच्यातल्या सगळ्यांत वयस्कर बाईंना सगळे मोठ्या काकू म्हणत. त्यांनी काकांच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाल्या, "नाक धरा, डोळे मिटा, आणि नुसतं ऐका."

काका बुडाले. वर त्यांचं पहिलं, चौकटीतलं गाणं चालू होतं. पाण्याखाली ते ओळखूच येईना. व्हायोलिनांची मऊ गादी कुठल्या कुठे गेली होती. आवाज कुठल्याच बाजूने येत नव्हता, सरळ कवटीच्या आत वाजत होता, आणि त्यात फक्त सुरांच्या कडा ऐकू येत होत्या: सूर सुरू होतानाचा टोचरा भाग. पण सगळ्या कडा सारख्या. कुठली कडा वर यायची, कुठली नाही, काहीही कळेना. छातीत धडधडायला लागलं आणि काका फुसकन वर आले.

"कळलं?" ताईने विचारलं.

"कळलं," काका खोकत म्हणाले.

त्या दिवसापासून त्यांचा दिनक्रम बदलला. सकाळी तलाव, दुपारी नळी. पोहणं म्हणण्यासारखं काही जमलं नाही, पण तरंगायला आलं, बुडायला आलं आणि मुख्य म्हणजे दम वाढला. चालीची ओळ हळूहळू पुरी व्हायला लागली. शेवटचा सूर लांबवताना कुठे धरायचा आणि कुठे सोडायचा हे डोक्याला विचारावं लागेना, छातीच सांगायची. आणि मग एका दुपारी त्यांना कीबोर्डच्या अगदी डाव्या टोकाच्या, कधीच न वापरलेल्या पट्ट्यांवर एक चीज सापडली. प्लगइन बनवणाऱ्यांनी तिथे वादकाचे श्वास ठेवले होते. सूर सुरू करण्याआधी माणूस तोंडाने जी हवा आत ओढतो, तो आवाज. लहान श्वास, मोठा श्वास, घाईचा श्वास. काका इतकी वर्षं त्याला कचरा समजत आले होते. आता त्यांनी प्रत्येक ओळीआधी एक श्वास ठेवला आणि चांगला मोठा ठेवला.

या नळीची धाव पुढे धंद्यापर्यंत गेली. सवयीने त्यांनी फोनवरच्या एका चालीतही नळी वापरली. पंधरवड्यात त्या कचेरीतून तक्रार आली की लोक "थांबा हो, जरा हे संपू द्या" म्हणतात आणि बोलायला तयारच होत नाहीत, तेव्हा पूर्वीसारखं काहीतरी द्या. काकांनी दिलगिरी व्यक्त केली आणि फोन ठेवून गादीघरात एकटेच बराच वेळ हसले.

तलावावर नव्या गाण्याने फरक पडला. पाण्याखाली तो श्वासाचा फस्स आवाज स्पष्ट ऐकू जाई आणि तो ऐकला की सगळ्याजणी एकदम वर. पण सगळं काही सुतासारखं सरळ झालं असं नाही. बायका रोज वेगळ्या. एखादे दिवशी पाणी गार, एखादे दिवशी कुणाचा खांदा आखडलेला, एखादे दिवशी सगळ्याच उत्साहात. गाणं मात्र रोज तेवढंच.

"गाणं आमच्यासाठी थांबत नाही ना," कोचबाई म्हणाल्या.

काका बोलून गेले, "मग मीच इथे बसून वाजवतो."

बोलून झाल्यावर त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. चारचौघांत त्यांनी आयुष्यात काही वाजवलं नव्हतं. पण ताईने टाळी वाजवली होती आणि ताईची टाळी म्हणजे ठराव मंजूर.

त्यांनी व्हायोलिनांचे तुकडे केले. पायाने एक पेडल दाबलं की एक तुकडा सुरू होई आणि पुढचं पेडल दाबेपर्यंत पसरत राही. वर क्लॅरिनेट मात्र सगळं हाताने आणि फुंकरीने. आता घाई नाही, उशीर नाही. बायका जशा हलतील तसं वाजवायचं.

कार्यक्रमाच्या सकाळी तलावाभोवतीच्या पायऱ्या नातेवाइकांनी भरून गेल्या होत्या. काकांचं टेबल काठाशी लावलं होतं, पाणी उडू नये म्हणून कॉम्प्युटरवर बायकोने छत्री बांधली होती. ती स्वतः शेजारी टॉवेल घेऊन उभी. "घाम पुसायला," ती म्हणाली, "तुमचा की कॉम्प्युटरचा ते बघू."

जलपऱ्या एकसारख्या निळ्या टोप्या घालून पाण्यात उतरल्या. काकांनी नळी ओठांत धरली. सुरुवातीचे दोन सूर कापरे निघाले, पण पाण्यात ताईने मान जरा वळवली आणि तिच्या हालचाली बघता बघता काका स्वतःला विसरले. ती हात लांबवे तसा सूर लांबे. पाय वर निघत तसा चढे. गोल फिरला तशी चाल फिरली. पायऱ्यांवरची कुजबुज थांबली.

शेवटच्या आकृतीत सगळ्यांनी हात धरून बुडायचं, खाली गोल मिटवायचा आणि श्वास ऐकू आला की मोठ्या काकूंना मध्ये घेऊन एकदम वर यायचं. त्या बुडाल्या. काकांनी लांब सूर धरला. वरून त्यांना स्पष्ट दिसलं की गोल मिटला नाहीये. एक हात सुटलाय आणि तो शेजारणीचा हात शोधतोय. ध्वनिमुद्रित गाणं असतं तर एव्हाना पुढे निघून गेलं असतं. काकांनी सूर सोडला नाही. दम सरत आला तसा तो बारीक होत गेला, दोऱ्याएवढा झाला, पण तुटला नाही. बायकोने टॉवेल घट्ट आवळला. खाली त्या हाताला हात सापडला. काकांनी डावीकडची पट्टी दाबली. वाद्यवृंदातल्या त्या कुठल्याशा अनोळखी वादकाने मोठा श्वास घेतला, काकांनी घेतला, आणि पाणी फोडून सगळ्याजणी एकदम वर आल्या. मध्ये मोठ्या काकू, दोन्ही हात वर.

पायऱ्यांवर जो गलका उठला त्यात शेवटची ओळ कुणाला ऐकूच गेली नाही. काकांनी ती तरीही पुरी वाजवली.

गर्दी पांगल्यावर एक उंच, वाकलेले गृहस्थ टेबलापाशी आले. मोठ्या काकूंचे यजमान. त्यांनी छत्रीखाली डोकावून पाहिलं. "वाजवणारा कुठे बसलाय म्हणून शोधत होतो. मी आयुष्यभर बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवलं."

काका छत्री बाजूला सारत म्हणाले, "मग आमचं हे खोटं तुम्हाला लगेच कळलं असेल."

"एकाच जागी कळलं. मधल्या त्या दोन सुरांवर. तिथे वाजवणाऱ्याची सगळी बोटं एकदम पडावी लागतात हो, जरा अडखळायला होतं. तुम्ही लोण्यातून सुरी फिरवल्यासारखे गेलात. बाकी फुंकर म्हणाल तर..." ते जरा थांबले. "तो शेवटचा सूर माझ्याच्याने धरवला नसता."

काकांनी त्यांना घरी बोलावलं. बोटं कुठे अडखळतात हे शिकायला, असं म्हणाले. बँडवाले काका आले, गादीघर बघून हसले, आणि तासाभरात दोघे शाळेतल्या मित्रांसारखे एकमेकांना टपल्या मारायला लागले. बोलता बोलता काकांनी विचारलं, "तुमचं क्लॅरिनेट आणा ना एकदा. खरं ऐकूया."

"ते सुटलं," बँडवाले म्हणाले. "कवळी बसवली तेव्हापासून. वाद्याच्या तोंडाशी पकडच बसत नाही. सूर धरायला गेलं की दात हलतात. घरी कुणाला काही बोललो नाही, पेटी माळ्यावर ठेवून दिली."

काकांनी खणातून नवी कोरी नळी काढली, डबीला जोडली आणि त्यांच्यापुढे धरली. "याला दात लागत नाहीत. नुसते ओठ पुरतात."

"पण मला या पट्ट्या कुठे येतात?"

"पट्ट्या मी दाबतो. तुम्ही फुंका."

बँडवाल्यांनी नळी ओठांत धरली, डोळे मिटले. काकांनी एक सूर दाबला. आणि इतकी वर्षं जे प्लगइन त्यांनी वाजवलं होतं त्यातून त्यांनी कधीच न ऐकलेला आवाज आला: आधी नुसती हवा, मग हवेतून हलकेच उमलणारा सूर, मध्ये भरलेला, शेवटाला किंचित थरथरणारा. काकांची बोटं पुढच्या पट्टीवर जायची विसरली.

"अहो, पुढचा सूर!" बँडवाले नळी काढून ओरडले. "माझा दम संपतोय आणि तुम्ही बसलात ऐकत!"

"चुकलो, चुकलो. पुन्हा."

"आणि तिथे अडखळा हां. सांगितलंय मी."

दुकानातून परतलेली बायको चपला काढता काढता दारात थबकली. आत दोन म्हातारे एका वाद्यावर भांडत होते, आणि भांडण थांबलं की मधून मधून फार सुंदर वाजवत होते. तिने दार लोटून घेतलं आणि चहाला तीन कप पाणी ठेवलं.